अब्बा-अम्मीचा मेडिक्लेम: हप्ता नंतर, अटी आधी

आपल्यातले बरेच जण पुणे-मुंबई-हैदराबादला नोकरी करतात आणि आई-वडील गावी असतात. माझे अब्बा-अम्मी चिखली तालुक्यातल्या अमडापूरला राहतात. अब्बांनी साठी ओलांडली आहे, त्यांना शुगर आहे आणि पेन्शन नाही. शेतीवर किंवा दुकानावर आयुष्य काढलेल्या माणसाला निवृत्तीची तारीख नसते. शरीर थकेल तो दिवस निवृत्तीचा. त्यानंतरच्या दवाखान्याची सोय आपल्यालाच करायची आहे.

ती करताना सगळे एकच विचारतात, ‘कंपनी कोणती चांगली?’ माझ्या मते हा प्रश्न तिसरा आहे.

पहिला प्रश्न हक्काचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२४ पासून राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारकांना लागू आहे. त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत ठरावीक उपचार मोफत मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. तरीही जुम्याच्या नमाजनंतर ऑपरेशनसाठी चंदा गोळा होताना आपण पाहतो. चंदा देणाऱ्यांची नियत साफ आहे. पण ते ऑपरेशन योजनेत बसते का, हे आधी कुणी पाहिलेले असते का? विमा शरीयतमध्ये बसत नाही असे मानणाऱ्यांनीही ही कार्डे काढायला हरकत नसावी. इथे आपल्याला हप्ता भरावाच लागत नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडिलांचे नाव असले की आपण निश्चिंत होतो. पण नोकरी गेली की ते संरक्षणही जाते, आणि आयटीत नोकरी कशी जाते हे वेगळे सांगायला नको. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३ वर्षे आहे. नवी स्वतंत्र पॉलिसी घेतली तर तो साधारणपणे ती सुरू झाल्यापासून मोजला जातो. नवी पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची मर्यादा त्याच वर्षी निघाली हे खरे. पण उशीर केला तर हप्ता वाढतो आणि आजारही वाढलेले असतात.

आता कंपनीचा प्रश्न. जमलेल्या हप्त्यातून किती रक्कम क्लेमपोटी गेली, हे प्रमाण अनेक जण पाहतात. २०२३-२४ मध्ये सरकारी कंपन्यांचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या पुढे होते, तर फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांचे पासष्टच्या आसपास. म्हणून सरकारी कंपनी दिलदार असे लगेच ठरवू नका. त्यांच्याकडे मोठमोठ्या ग्रुप पॉलिसी असतात आणि त्या आकडा वर नेतात. तुमच्या अम्मीचे बिल मंजूर होईल का, ते पॉलिसीतल्या अटी ठरवतात.

मी तुलनेसाठी केलेल्या एक्सेल शीटमध्ये हप्त्याचा रकाना सर्वात शेवटी ठेवला. त्याआधी हे चार रकाने:

को-पे: २० टक्के असेल तर २ लाखांच्या बिलात ४० हजार आपले.

खोलीभाडे: रोजची मर्यादा ५ हजार असताना १० हजारांची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींमध्ये डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मा कापला जातो.

उपमर्यादा: मोतीबिंदू आणि गुडघ्याच्या ऑपरेशनला किती रक्कम मिळते? म्हातारपणी हेच जास्त लागते.

कॅशलेस दवाखाने: अमडापूरचा पेशंट चिखली, बुलढाण्याला जातो, दुखणे मोठे असेल तर अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरला. कंपनीचे पुण्यातले शेकडो दवाखाने त्याच्या काय कामाचे?

फॉर्म भरताना एजंट म्हणेल, ‘शुगर लिहू नका, हप्ता वाढेल.’ तरी लिहा. सलग ५ वर्षे झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही; पण त्याआधी दडवलेली शुगर क्लेम बुडवू शकते. नावही तपासा. आपल्याकडे रेशनकार्डावर ‘शे.’ असते, आधारवर ‘शेख’. दवाखान्यात भरती झाल्यावर ही दुरुस्ती करत बसायला कुणाला वेळ असतो?

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते. त्या दिवसांत ती पूर्ण वाचा. क्लेम चुकीचा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

हे सगळे इंजिनिअर मुलाला जमते, पण गल्लीतल्या हमालाच्या किंवा विधवा खालाच्या घरात तसा मुलगा असेलच असे नाही. म्हणून या ईदला गावी जाल तेव्हा लॅपटॉप सोबत न्या. एक दुपार मस्जिदीजवळ बसा, आजूबाजूच्या दहा घरांची कार्डे काढून द्या आणि नावे जुळवून द्या. आजारी पडल्यावर चंदा देणे हे समाजाचे काम आहेच. आजारी पडण्याआधी कागद तयार ठेवणे हेही समाजाचेच काम आहे.