बटण बंद, पण वीज चालूच

दापोली तालुक्यात मी वायरिंगची कामं करतो. नवं घर असो की जुन्या घराची दुरुस्ती, मालक बटणांचा रंग विचारतात, कंपनी विचारतात, हॉलमध्ये बोर्ड किती मोठा येईल तेही विचारतात. बटणावर फेज घेतलाय की न्यूट्रल, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. माझ्या मते पहिला प्रश्न हाच असायला हवा.

घरात 230 व्होल्टची वीज दोन तारांनी खेळते. फेजमधून ती येते, न्यूट्रलमधून परतते. बटणाने फेज तोडायचा असतो, म्हणजे दिवा बंद केल्यावर होल्डरमध्ये वीज उरत नाही. बटण न्यूट्रलवर बसवलं तरी दिवा तसाच लागतो, तसाच विझतो. त्यामुळे चूक वर्षानुवर्षं कळत नाही आणि फेज होल्डरमध्ये कायम जिवंत राहतो. पावसाळ्यात ओलसर पडवीत लोखंडी स्टूल घेऊन बल्ब बदलणारा माणूस बटण बंद केल्याच्या भरवशावर वर हात घालतो. तो भरवसा खोटा ठरता कामा नये.

हर्णैच्या एका घरात देवघरातला एलईडी दिवा बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणायचा. घरच्यांना वाटलं, दिवाच खराब. दोनदा बदलून झाला होता. मी बटण बंद ठेवून होल्डर तपासला, तर एका पिनवर टेस्टर लख्ख पेटला. फेज थेट दिव्यापर्यंत गेलेला, बटण न्यूट्रलवर. मिणमिणण्याला इतरही कारणं असतात. बटणातल्या छोट्या इंडिकेटरमुळे किंवा लांबवर शेजारी-शेजारी गेलेल्या तारांमुळेही दिवा असा मिणमिणतो. पण खात्री केल्याशिवाय ते सोडून देऊ नये.

जिन्याच्या दिव्यात तर जास्तच घोळ होतो. खालून लावायचा, वरून बंद करायचा, म्हणून दोन टू-वे बटणं लागतात. टू-वे बटणाला तीन स्क्रू असतात, त्यातला एक कॉमन. खालच्या बटणाच्या कॉमनला फेज द्यायचा, दोन्ही बटणांचे उरलेले स्क्रू दोन तारांनी एकमेकांना जोडायचे आणि वरच्या कॉमनमधून तार दिव्याला न्यायची. न्यूट्रल सरळ दिव्याला. ही योग्य पद्धत. काही ठिकाणी तार वाचवायला दोन्ही बटणांपाशी फेज आणि न्यूट्रल दोन्ही नेतात आणि दिवा दोन कॉमनच्या मध्ये जोडतात. दिवा उत्तम चालतो. पण दोन्ही बटणं फेजकडे असली, की विझलेल्या दिव्याच्या दोन्ही पिनांवर वीज असते. थोडी तार वाचवण्यासाठी हा धोका घेणं मला अक्षम्य वाटतं. गीझर आणि विहिरीवरच्या पंपाला तर फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारं डीपी बटणच हवं.

वायरिंग चोख असलं तरी ते उलटं होऊ शकतं. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडात खांब कोसळले, तारा तुटल्या, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अशा वेळी तुटलेल्या तारा घाईत जोडल्या जातात. खांबावरून घरात येणाऱ्या दोन तारांची अदलाबदल झाली, तर घरातलं प्रत्येक बटण आणि एकच तार तोडणारं प्रत्येक सिंगल पोल एमसीबी एका झटक्यात न्यूट्रलवर जातं. दिवे लागतात, पंखे फिरतात, सगळे हुश्श करतात. म्हणून वादळानंतर वीज आली, की आधी मीटरपाशी फेज कोणत्या तारेवर आहे ते तपासलं गेलंच पाहिजे. जोडणी करणाऱ्यानेच ते करून द्यावं, आणि ग्रामपंचायतींनी तसा आग्रह धरावा.

नवं कनेक्शन घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. पण त्यानंतर खोली वाढते, पडवीची न्हाणी होते, पर्यटकांसाठी वर दोन खोल्या चढतात आणि वायरिंगला तुकडे जोडले जातात. ते कोणी तपासत नाही. मुंबईकरांची बंद घरं गणपतीत उघडतात, तेव्हा तर वर्षभराची ओल आणि खारा वारा खाल्लेल्या बोर्डांवर एकदम सगळा भार पडतो.

माझं मागणं फार नाही. काम संपलं, की पैसे चुकते करण्याआधी वायरमनला सांगा: प्रत्येक बटण बंद करून होल्डर तपासून दाखव. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो चालतोय याची खात्री करायला लावा. फेजला लाल, न्यूट्रलला काळी, अर्थिंगला हिरवी तार वापरली आहे का, हे भिंत बुजण्याआधी बघा. विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या आणि तिचं टेस्ट बटण अधूनमधून दाबा. कोणतं एमसीबी कुठल्या खोलीचं, हे मीटरपेटीच्या दारावर लिहून घ्या. ज्याला आपलं काम येतं, तो वायरमन हे सगळं आनंदाने दाखवेल. जो टाळाटाळ करेल, त्याच्या हाती आपलं घर देऊ नका.