व्यवस्थापनाच्या दारात शेतकऱ्यांची मुले

मांडवगण फराटा हे शिरूर तालुक्यातील भीमाकाठचे गाव; नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. दोन्ही तीरांवर ऊस आहे, आणि उसाच्या आधाराने उभा राहिलेला साखर कारखाना, विकास सोसायटी, पतसंस्था व दूध संकलन केंद्र यांचा परिचित संसारही आहे. अशा गावांतील पदवीधर मुलेमुली आता एमबीएच्या प्रवेशासाठी अर्ज भरू लागली आहेत. आपल्यातील अनेक जुन्या कार्यकर्त्यांना या गोष्टीचा आनंद होत नाही. व्यवस्थापक म्हणजे मालकाचा माणूस, ही त्यांची धारणा. ती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. गिरणीच्या फाटकावर कामगारांनी जे भोगले त्यातून ती बनली आहे. पण ती अपुरी आहे, आणि तिच्यापायी एक मोठे क्षेत्र आपण आपण होऊन प्रतिपक्षाच्या हवाली केले आहे.

प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांच्या संघटनशक्तीला धनंजयराव गाडगीळांच्या अर्थशास्त्राची जोड होती. शेतकऱ्याची मालकी टिकायची तर हिशेबही चोख हवा, हे त्या पिढीला कळत होते. पुण्यात १९६७ पासून वैकुंठभाई मेहतांच्या नावाची राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे. आणंदला व्हर्गीस कुरियन यांनी १९७९ साली ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था काढली, ती दूध उत्पादकांच्या संघांना शिकलेली माणसे मिळावीत म्हणून. सारांश, व्यवस्थापनशास्त्र हे जन्मतः भांडवलदाराचे नाही. ते कोणाच्या हाती जाते, यावर त्याची जात ठरते.

शिरूर तालुक्यातच न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना अलीकडच्या काही हंगामांत बंद राहिला. त्याच्या कारणांविषयी राजकीय वाद पुष्कळ झाले; ते येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. पण कारखाना थंडावला की ऊस कोठे घालावा या विवंचनेत सभासद पडतो, आणि वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारू शकणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच असतात. सभासदाच्या घरात ताळेबंद वाचणारे मूल तयार होणे ही लोकशाहीच्या दृष्टीनेही लहान गोष्ट नव्हे.

मग या मुलांच्या वाटेत काय उभे आहे?

पहिली भिंत भाषेची. भारतीय व्यवस्थापन संस्थांची कॅट ही प्रवेश परीक्षा इंग्रजीत होते. महाराष्ट्र शासनाची एमबीए सीईटीही इंग्रजीतच होते. राज्याच्या परीक्षेत दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला पंचेचाळीस सेकंद. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाचे त्यातले कित्येक सेकंद प्रश्न उलगडण्यातच जातात आणि उत्तर येत असूनही तो मागे पडतो. वैद्यकीय प्रवेशाची नीट मराठीतून देता येते. अभियांत्रिकीची जेईई मेन २०२१ पासून मराठीतून देता येते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीत लिहून माणूस जिल्हाधिकारी होऊ शकतो. मग केवळ कंपनीच्या व्यवस्थापकालाच इंग्रजीवाचून गणित आणि तर्क कळत नाही, असे मानायचे काय? पुढील शिक्षण इंग्रजीत असते हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. इंग्रजीची कसोटी लागू द्या. पण तिचा विभाग स्वतंत्रच आहे. गणित व तर्काचे विभाग मराठीत देण्यास अडचण कोणती?

दुसरी भिंत पैशाची. कॅटचे शुल्क २०२४ साली अडीच हजार रुपये होते. अनुसूचित जाती-जमाती व अपंग उमेदवारांना ते निम्मे, इतर मागासवर्गीयांना मात्र पूर्ण. खासगी संस्थांच्या परीक्षा निराळ्या, त्यांचे अर्ज निराळे, आणि प्रत्येक अर्जाबरोबर पैसे भरावयाचे. शिकवणी वर्गांची फी याहून कितीतरी मोठी. हे सारे प्रवेशापूर्वीचे. अहमदाबादच्या संस्थेचे दोन वर्षांचे शुल्क पंचवीस लाखांच्या घरात आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या विद्यालक्ष्मी योजनेत तारण व जामिनाविना कर्ज आहे, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलतही आहे. पण ती निवडक संस्थांपुरती. ज्याला त्या यादीबाहेरच्या महाविद्यालयात जागा मिळाली, त्याच्या बापासमोर बँक पुन्हा जमिनीचा सातबारा मागणार नाही, याची हमी कोण देणार?

तिसरी भिंत अज्ञानाची. तिच्याविषयी शासनाकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. राज्य शासनाने २०२४-२५ पासून केंद्रीभूत प्रक्रियेने व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. भीमाकाठच्या किती घरांत ही गोष्ट पोचली आहे? किती बापांना माहीत आहे की व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही माफी लागू नाही? उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जातवैधता या कागदांपैकी एक जरी वेळेवर हाती आला नाही, तरी वर्षभराचा अभ्यास तहसील कचेरीच्या खिडकीशी वाया जातो.

एक प्रश्न याहून अवघड आहे. शिकून झाल्यावर ही मुले कोठे जाणार? डोक्यावर कर्ज असलेला तरुण अधिक पगार देणाऱ्याकडे जाईल, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याने त्यागाच्या भावनेने गावात परतावे, असा उपदेश ज्यांची मुले आधीच परदेशी स्थिरावली आहेत त्यांनी तरी करू नये. परतण्यासाठी जागा असावी लागते. सहकारी संस्थांतील नेमणुका नात्यागोत्याने आणि गटातटाने होत राहिल्या, तर आणंदहून किंवा पुण्याहून शिकून आलेल्या मुलीला तेथे कोण विचारणार? म्हणून प्रवेशाच्या मागणीबरोबरच दुसरी मागणी केली पाहिजे : कारखाने, दूध संघ व जिल्हा बँका यांतील व्यवस्थापकीय जागा जाहिरात देऊन, लेखी परीक्षेने आणि सभासदांना निकाल कळवून भराव्यात. सहकारात राहणाऱ्या पदवीधरांच्या शिक्षणकर्जाचे व्याज त्या त्या संस्थेने उचलावे. प्रशिक्षित माणसावर केलेला हा खर्च गैरव्यवस्थेतून होणाऱ्या नुकसानीपुढे किरकोळ ठरेल.

तोपर्यंत कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. अर्ज सुटण्यापूर्वी प्रत्येक मोठ्या गावात एक रविवार दाखल्यांसाठी राखावा. ग्रंथालयाच्या खोलीत जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घ्याव्यात. तालुक्यातील जी मुले-मुली या परीक्षांतून पुढे गेली असतील त्यांना सुट्टीत बोलावून मुलाखतीची तयारी करून घ्यावी. ‘तुम्हांला एमबीए का करायचे आहे’ या प्रश्नाला पाठ केलेले इंग्रजी वाक्य सांगण्यापेक्षा उसाच्या बिलाचा आणि दुधाच्या दराचा स्वतःचा अनुभव नेटकेपणे मांडता येणे अधिक उपयोगी पडेल. या कामाला ना सत्ता लागते, ना निधी. पुढचा प्रवेशहंगाम येण्यापूर्वी ते सुरू झाले पाहिजे.