घरच्या उजेडांत पारिजातक

जुने वाडे पाडून त्यांजागीं उंच इमारती उठूं लागल्या कीं परसांतील पारिजातक बहुधा पहिला बळी पडतो. ज्यांच्या दारीं तो अद्याप उभा आहे, त्यांनीं त्याच्या फुलांचें एक तरी चांगलें छायाचित्र संग्रहीं ठेवावें, असें आम्हांस वाटतें. अवधि मात्र थोडा! रात्रीं उमललेलीं फुलें पहांटे गळतात आणि ऊन चढतांच मलूल होतात.

या घाईंत हौशी मंडळी ताटली घेऊन उन्हांत धांवतात, नाहीं तर खोलींतील दिवा लावतात. उन्हांत पाकळ्यांची नुसती पांढरी चकती होते; दिव्याखालीं त्यांवर भलताच रंग चढतो. त्यापेक्षां दिवा मालवावा, पंखा बंद करावा आणि उत्तरेच्या खिडकीशीं पाट मांडावा. श्रावणांत सकाळीं त्या खिडकींतूनहि तिरपें ऊन डोकावतें. तेव्हां जुन्या धोतराचा एकेरी पडदा सोडावा.

फुलें खिडकीपासून हात-दीड हातावर, गडद खणावर ठेवावीं. खिडकी आपल्या डाव्या वा उजव्या हातास यावी, पाठीशीं नव्हे. बाजूनें आलेल्या उजेडांतच पाकळ्यांचा तो भिंगरीसारखा पीळ आणि शेंदरी देठाची गोलाई दिसते. पलीकडे पांढरा कागद उभा धरला कीं छाया मवाळ होते. तो फारच जवळ आणला तर छाया मुळींच उरत नाहीं आणि फूल कागदी वाटूं लागतें.

खरी कसोटी पांढऱ्या रंगाची. कॅमेऱ्याचें प्रकाशमापक जें दिसेल तें मध्यम करड्या रंगाचें आहे असें धरून चालतें. चौकट मोगऱ्यानें भरली तर मोगरा मळकट येतो. तेथें प्रकाश एका पायरीनें वाढवावा. गडद खणावरील चार फुलांचें याच्या नेमकें उलट! तेथें यंत्र खणाला उजळूं पाहतें आणि पाकळ्या जळून जातात. बहुतेक फोनांत फुलावर बोट टेकून बाजूचें सूर्यचिन्ह खालीं ओढलें कीं काम भागतें. उजेड कमी असल्यामुळें हात हलून चित्र अस्पष्ट होण्याचें भय असतें. फोन पुस्तकांच्या चळतीस टेकवावा आणि छायाचित्र आपोआप निघण्याची सोय वापरावी.

पूजेचीं फुलें चित्रासाठीं अडकवून ठेवणें वडीलधाऱ्यांस रुचत नाहीं, आणि तें योग्यच आहे. परडी आधीं देवघरांत जावी. गळून पडलेलें फूल देवास चालावें, हा मान पारिजातकाचा. आपल्या कामापुरतीं चार फुलें निराळीं वेंचावीं, तींहि देठास धरून. बोटांच्या स्पर्शानें पाकळीवर लागलीच डाग पडतो.