‘जन्मजात जादू’ची दंतकथा आणि कार्लोस अल्बेर्तो परेरा

१/ १९७० च्या ब्राझील संघाविषयी एक कथा आजही सांगितली जाते : ते खेळाडू चेंडू घेऊनच जन्माला आले होते, त्यांना शिकवण्यासारखे काही उरलेच नव्हते, ते मैदानात उतरले आणि नाचत-बागडत विश्वचषक घेऊन गेले. कथा गोड आहे. इतिहास म्हणून मात्र खोटी आहे. परेरा यांची कारकीर्द हे त्या खोटेपणाला सर्वांत चांगले उत्तर आहे.

२/ परेरा यांचा जन्म १९४३ चा, रियो दि जानेरोचा. व्यावसायिक फुटबॉल ते कधीच खेळले नाहीत. शारीरिक शिक्षणाचे शास्त्रशुद्ध अध्ययन करून १९६७ मध्ये ते घानाच्या राष्ट्रीय संघाला शिकवण्यासाठी आफ्रिकेत गेले. तीन वर्षांनी ते ब्राझीलच्या चमूत होते. आदमिल्दो शिरोल आणि क्लाउदियो कुतिन्यो यांच्यासह खेळाडूंची शारीरिक तयारी हे त्यांचे काम होते.

३/ ते काम साधे नव्हते. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंच, ग्वादालाहारा दीड हजाराहून अधिक. हवा विरळ आणि अनेक सामने भर दुपारी. म्हणून संघाने आधी ग्वानाख्वातोच्या उंचीवर शरीर सरावून घेतले. अमेरिकी डॉक्टर केनेथ कूपर यांची १२ मिनिटांची धावचाचणी कुतिन्यो यांनी तयारीत आणली. प्रत्येकाचा दमसास मोजला गेला.

४/ आता पुरावा पाहावा. ब्राझीलने ६ सामन्यांत १९ गोल केले. त्यांतील १२ उत्तरार्धात. चेकोस्लोव्हाकिया, इंग्लंड, उरुग्वे आणि इटली या चौघांविरुद्ध मध्यंतराला बरोबरी होती. चारही सामने ब्राझीलने जिंकले. उरुग्वेविरुद्धचे निर्णायक दोन गोल ७६व्या आणि ८९व्या मिनिटाला झाले. प्रतिस्पर्ध्याचे पाय जड होत असताना हे पाय पळत होते.

५/ आक्षेप येतो : अंतिम सामन्यात इटली आधीच थकलेली होती. पश्चिम जर्मनीविरुद्ध तिला जादा वेळ खेळावा लागला होता, हे खरेच आहे. पण चेकोस्लोव्हाकियाचा तो पहिलाच सामना होता. त्याही सामन्यात मध्यंतराची १-१ बरोबरी शेवटी ४-१ झाली. एका थकलेल्या संघाने सहा सामन्यांचा हिशेब लागत नाही.

६/ दुसरा आक्षेप : पेले असल्यावर प्रशिक्षक हवाच कशाला? १९६६ मध्येही पेले होते; प्रतिस्पर्ध्यांनी त्यांना लाथाडून जायबंदी केले. पण हंगेरीने ब्राझीलला ३-१ हरवले त्या दिवशी गारिंचा, गेर्सन, तोस्ताव आणि जैरझिन्यो मैदानात होते. यांतील शेवटचे तिघे १९७० चे नायक ठरले. प्रतिभा तीच होती. तयारी बदलली होती.

७/ मग दंतकथा टिकते का? कारण ती सोयीची आहे. युरोपीय संघ जिंकला की त्यामागे ‘बुद्धी’ आणि ‘शिस्त’ शोधायची. काळ्या-सावळ्या खेळाडूंचा संघ जिंकला की ‘उपजत लय’ म्हणायचे. वरवर ही स्तुती वाटते. प्रत्यक्षात ती श्रम आणि विचार यांचे श्रेय हिरावून घेते.

८/ दुसऱ्या टोकाची दंतकथाही तितकीच घातक आहे. १९६४ पासून ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती, कुतिन्यो लष्करी अधिकारी होते आणि विजयाचा लाभ राष्ट्राध्यक्ष मेदिसी यांनी पुरेपूर उठवला. हे लपवू नये. मात्र सत्तेने श्रेय लाटले म्हणून घाम गाळणाऱ्यांचे श्रेय पुसले जात नाही.

९/ पुढे ही विद्या परेरा यांच्यासोबत देशोदेशी गेली. १९८० मध्ये कुवेत आशियाई विजेता झाला आणि १९८२ मध्ये पहिल्यांदा विश्वचषकात उतरला. १९८८ चा आशियाई चषक सौदी अरेबियाने जिंकला. १९९० मध्ये संयुक्त अरब अमिरातींच्या पहिल्या विश्वचषकातही प्रशिक्षक परेराच होते.

१०/ १९९१ पासून ब्राझीलची धुरा त्यांच्याकडे होती. १९९३ मध्ये ला पाझच्या उंचीवर बोलिव्हियाने ब्राझीलला २-० नमवले; पात्रता सामन्यांतील ब्राझीलचा तो पहिला पराभव. उंचीचे शास्त्र जाणणाराच उंचीवर हरला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या उन्हात ७ सामन्यांत केवळ ३ गोल स्वीकारून त्यांनी २४ वर्षांनी विश्वचषक परत आणला. तरी ठपका आला : खेळ रुक्ष होता! १९८२ चा पराभूत संघ लाडका आणि विजेता संघ सावत्र, हा न्याय अजब आहे.

११/ अपयशेही होती आणि ती झाकण्याचे कारण नाही. १९९८ मध्ये सौदी अरेबियाने स्पर्धा चालू असतानाच, दोन पराभवांनंतर, त्यांना काढले. २००६ मध्ये रोनाल्डिन्यो, काका आणि रोनाल्डो असूनही ब्राझील उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सकडून हरला. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेने फ्रान्सला २-१ हरवले, तरीही साखळीतच बाद होणारी ती पहिली यजमान ठरली. शास्त्र विजयाची हमी देत नाही, शक्यता वाढवते.

१२/ पाच देश आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून सहा विश्वचषक : एवढी वाटचाल एका शारीरिक शिक्षकाने केली. तरी १९७० च्या कथेत त्यांचे नाव क्वचितच येते. जो इतिहास फक्त गोल करणाऱ्यांची नावे लक्षात ठेवतो, तो उत्तरार्धातल्या त्या बारा गोलांचा अर्थ कधीच सांगू शकणार नाही.