आकडे आपले, मग उत्तरही आपल्याला मिळायला हवं

सामान्य माणसानं नोंदी घ्यायच्या आणि त्यावर शास्त्रज्ञांनी काम करायचं, याला ‘सिटिझन सायन्स’ म्हणतात. पक्षी बघणारी मंडळी हे कधीची करतायत. यासाठी विद्यापीठांचं देशभर एकच जाळं असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण काही अटींवर.

आधी पावसाचं बघा. २४ तासांत ६५ मिमीच्या वर पडला की मंडळात अतिवृष्टी धरतात. मंडळाला यंत्र एक, गावं कितीतरी. ओढ्याच्या अलीकडं धो धो आणि पलीकडं धुरळा, हे कुणाला सांगायला नको. गावागावात साधा पर्जन्यमापक लावून रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्याच वेळेला, नोंद घेतली तर चित्र बदलेल. मात्र या नोंदी भरपाईला थेट जोडू नका. पैसा आला की आकडा फुगतो, खोटं कशाला बोला.

वाणांचंही तसंच. निकाराग्वातला घेवडा, इथिओपियातला आणि आपल्या देशातला गहू यांवरचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. १२,४०९ प्लॉट, सगळे शेतकऱ्यांच्याच रानात. प्रत्येकाला फक्त तीन वाण द्यायचे. त्यानं एवढंच सांगायचं, सगळ्यात सरस कोणता अन् सगळ्यात हलका कोणता. अशी हजारो उत्तरं तिथल्या हवामानाशी जुळवली की कुठल्या हवेत कुठला वाण तग धरतो ते निघतं. विद्यापीठाच्या फार्मवर खत-पाणी वेळेवर मिळतं, आपल्या रानात लाइटच रात्री दोनला येते. त्यामुळं असा निकाल आपल्या जास्त कामाचा.

मग देशभर जाळं कशाला? राहुरी, परभणी, अकोला, दापोली आपापल्या परीनं काम करतातच की. पण गुलाबी बोंडअळी तेलंगणची हद्द बघून थांबत नाही. कामगंध सापळ्यातले पतंग इकडं एका पद्धतीनं मोजले अन् तिकडं दुसऱ्या, तर ते आकडे एकमेकांशी लावायचे कसे? दुसरं असं, की एकट्या प्रकल्पाचा निधी संपला की सगळं बंद. संशोधन करणारी पोरं येतात, दोन हंगाम माहिती नेतात, थिसिस होतो. गावाला काय निघालं ते कळतच नाही.

माझी पहिली अट हीच. हंगाम संपायच्या आत निकाल गावात आला पाहिजे, मराठीत, केव्हीकेमार्फत. देशात ७०० च्या वर केव्हीके आहेत, नवीन ऑफिस उघडायची गरज नाही.

दुसरी अट नावाची. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी रानातल्या लोंब्या निवडत निवडत एचएमटी धान काढलं. त्याच्यावरूनच पुढं विद्यापीठाचं पीकेव्ही एचएमटी आलं, आणि श्रेयाचा वाद राहिला तो राहिलाच. दादाजी २०१८ साली गेले. नोंद कुणाची, बियाणं कुणाचं, हे पहिल्या दिवशीच कागदावर लिहा. नंतर सत्कार, शाल-नारळ नको.

तुमच्यापैकी वहीत पाऊस लिहून ठेवणारे कोण कोण आहेत? किती वर्षांचा आहे, तेही सांगा.