गाडीत डिजिटल रेडिओ बसवताना



हंगाम हाती आला, चार पैसे गाठीला लागले की घरातली तरणी पोरे गाडीकडे पाहू लागतात. कुणाला नवे टायर हवे असतात, कुणाला नवा रेडिओ. त्यात अलीकडे ‘डिजिटल’ हा शब्द दुकानदाराच्या तोंडी फार आहे. डब्यावर तो छापला की दोन हजारांची वस्तू पाच हजारांना जाते. म्हणून या खेपेला गाडीतल्या डिजिटल रेडिओविषयी चार गोष्टी सांगतो. त्या आम्ही फुकट शिकलो नाही, पदरचे पैसे मोजून शिकलो.

आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा इंग्लंडात नोकरीला असतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने एक छोटी डबी आणली. म्हणाला, “मामा, तुमच्या जुन्या गाडीला हे जोडा. नवा रेडिओ घ्यायची गरज नाही. तिकडं आम्ही सगळे हेच वापरतो.” डबी देखणी होती. काचेला चिकटवायची पट्टीसारखी एरियल, एक वायर, एवढाच पसारा. भाचा परत गेला आणि आम्ही गाडी तालुक्याच्या गावी एका कारागिराकडे नेली.

त्याने डबी बसवली, कळ दाबली. यंत्राने सगळे केंद्र धुंडाळले आणि उत्तर दिले, शून्य. कारागीर म्हणाला, एरियल बारीक आहे, मोठी घाला. घातली. पुन्हा शून्य. मग म्हणाला, वीज कमी पडते, थेट बॅटरीवरून वायर ओढू. ओढली. तरी शून्यच. तीन खेपा झाल्या, तीन वेळा पैसे मोजले. तिसऱ्या खेपेला घरी येताना वाटेत कुबट, जळका वास आला. शेजारी बायको, मागे नातू. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडले, तर ती नवी वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती आणि वितळू लागली होती. बॅटरीचे टोक काढले म्हणून निभावले.

दुसऱ्या दिवशी गावातल्या नानांकडे गेलो. नानांचा जन्म रेडिओ दुरुस्त करण्यात गेला. त्यांनी डबी उलटीपालटी केली आणि विचारले, “अण्णा, ह्या यंत्राला कळेल अशा बोलीत बोलणारं केंद्र आपल्याकडं आहे कुठं?” आम्ही गप्प. तेवढा एक प्रश्न आम्ही कुणालाच विचारला नव्हता.

डिजिटल रेडिओ एकच नव्हे

मंडळी, ज्वारी म्हटली तरी खरीप ज्वारी वेगळी नि रब्बी ज्वारी वेगळी. डिजिटल रेडिओचेही तसेच आहे. युरोपात जी पद्धत चालते तिला डी.ए.बी. म्हणतात. बी.बी.सी.ने ती इंग्लंडात १९९५ साली सुरू केली. नॉर्वे देशाने तर २०१७ साली आपली राष्ट्रीय एफ.एम. केंद्रे बंद करून सगळा भार याच पद्धतीवर टाकला. तेव्हा तिथल्या जुन्या मोटारींच्या मालकांना अशाच जोडडब्या घ्याव्या लागल्या. युरोपीय संघातही २१ डिसेंबर २०२० पासून नव्या मोटारीत रेडिओ असेल तर तो डिजिटल प्रसारण पकडणारा असावा, असा नियम आहे. भाच्याचे काही चुकले नव्हते. तिकडे ती डबी कामाचीच आहे. पण ती १७४ ते २४० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात केंद्र शोधते, आणि आपल्या गावाकडे त्या पट्ट्यात ऐकावे असे रेडिओ केंद्रच नाही. मग एरियल ताडाएवढी केली तरी ऐकू काय येणार? विहिरीत पाणीच नसेल तर मोटार मोठी बसवून काय उपयोग?

आपल्या आकाशवाणीने घेतलेली पद्धत डी.आर.एम. नावाची आहे. ती आपल्या जुन्या, ओळखीच्या मध्यम लहरींवर चालते. म्हणजे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झचा तोच पट्टा, ज्यावर आपल्या वडिलांनी शेतीचे कार्यक्रम ऐकले. आकाशवाणीने देशभर ३५ मध्यम लहरी प्रक्षेपक या पद्धतीचे उभारले. पुष्कळ ठिकाणी जुने आणि डिजिटल प्रसारण शेजारी शेजारी चालते, म्हणून जुना ट्रान्झिस्टरही तिथे मुका होत नाही. डिजिटलमध्ये आवाज स्वच्छ येतो, एकाच प्रक्षेपकावरून एकाहून अधिक कार्यक्रम देता येतात आणि पडद्यावर अक्षरेही पाठवता येतात. संकटकाळी इशारा देण्याची सोयही या पद्धतीत आहे.

अडचण एकच. हे प्रसारण पकडणारे सुटे संच बाजारात थोडे आहेत आणि महागही आहेत. मात्र आपल्या देशात तयार होणाऱ्या कित्येक मोटारींत, विशेषतः वरच्या किमतीच्या प्रकारांत, असा संच कारखान्यातूनच बसवून येतो.

हे नानांनी सांगितले तेव्हा आमचा धाकटा भाऊ शेजारी उभा होता. त्याने दोन वर्षांपूर्वी नवी गाडी घेतली होती. नानांनी त्याच्या गाडीतला पडदा लावला, रेडिओच्या यादीत बोट फिरवले, तर एफ.एम., ए.एम. आणि त्यांच्याखाली डी.आर.एम.! दोन वर्षे ती कळ कुणी दाबली नव्हती. दुकानातून गाडी देतानाही कुणी सांगितले नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय!

घेण्याआधी काय विचाराल?

पहिले, आपल्या भागात आकाशवाणीचे कोणते केंद्र ऐकू येते आणि त्याचे डिजिटल प्रसारण चालू आहे का, कोणत्या वेळी, हे जवळच्या आकाशवाणी केंद्राला एक पत्र टाकून किंवा फोन करून विचारा. दुसरे, गाडी नवी असेल तर तिच्या पुस्तिकेत डी.आर.एम. ही अक्षरे शोधा. जुनी गाडी विकत घेत असाल तर सौदा ठरण्याआधी रेडिओ लावून पाहा. तिसरे, दुकानदार नुसते ‘डिजिटल’ म्हणाला तर विचारा, कोणते? पुष्कळदा आकडे दाखवणारा पडदा आहे एवढ्यावरच त्याला डिजिटल म्हणतात. आत रेडिओ जुनाच असतो. चौथे, परदेशातून उतरलेला स्वस्त संच जपून घ्या. जुन्या जपानी संचांचा एफ.एम. पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ असतो आणि आपली एफ.एम. केंद्रे ८८ ते १०८ मध्ये असतात. तिथे आपले बहुतेक केंद्र लागतच नाही. अमेरिकी संच मध्यम लहरींवर दहा-दहाच्या पावलांनी सरकतो, आपली केंद्रे नऊ-नऊच्या अंतरावर असतात. ते पाऊल बदलण्याची सोय संचात आहे की नाही ते पाहा.

बसवताना काय पाहाल?

काम कारागिराकडून करून घ्या, पण शेजारी उभे राहा. आधी बॅटरीचे ऋण टोक काढायला लावा. बाजारातल्या संचांना बहुधा तीन मुख्य वायरी असतात. पिवळी कायम विजेची, तिच्यावर संचाची आठवण टिकते. लाल किल्लीबरोबर चालू-बंद होणारी. काळी जमिनीची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची. पिवळी आणि लाल एकत्र बांधून दिली तर किल्ली काढली तरी संच जागा राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. गाडीच्या बाजूच्या वायरींचे रंग मात्र प्रत्येक गाडीत वेगळे असतात, म्हणून ते रंगावर न जाता मापकाने तपासून जोडावेत.

थेट बॅटरीवरून वायर ओढायची झाली तर तिला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच, आणि तो संचाच्या पुस्तिकेत सांगितला असेल तेवढ्याच ॲम्पिअरचा. फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठा घालणे किंवा तार गुंडाळणे म्हणजे घरात निखारा ठेवून झोपणे. पत्र्यातून वायर जाते तिथे रबराची चकती घाला. आमच्या वायरीला फ्यूजही नव्हता आणि चकतीही नव्हती. ट्रकसारख्या २४ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्टचा संच सरळ जोडू नका. आणि स्पीकरची दोन्ही टोके संचालाच जोडा, त्यातले एक पत्र्याला लावले तर संच जळू शकतो.

आता एरियल. मध्यम लहरींना टपावरची किंवा पंख्यावरची उभी एरियल चांगली. तिची बूड पत्र्याला घट्ट टेकली पाहिजे. आमच्या गाडीची बूड नानांनी उघडली तर खाली गंजाचा थर. त्यांनी तो खरवडला, ग्रीसचा हात फिरवला, मळसूत्र आवळले. एका चहाच्या खर्चात आमचा जुना रेडिओ असा बोलू लागला की पाच वर्षांत बोलला नव्हता. भाच्याची डबी कागदात गुंडाळून ठेवली आहे. पुढच्या खेपेला त्याच्याकडेच परत जाईल.

वापरताना काय ध्यानात ठेवाल?

जुन्या आणि डिजिटल रेडिओच्या वागण्यात एक मोठा फरक आहे. जुना रेडिओ म्हणजे बांधावरून मारलेली हाक. वारा आडवा असला तरी अर्धे शब्द कानी येतात, उरलेले आपण जुळवून घेतो. डिजिटल म्हणजे माणसाच्या हाती पाठवलेली चिठ्ठी. पोचली तर अक्षर न् अक्षर पोचते, नाही तर काहीच नाही. लहर क्षीण झाली की खरखर होत नाही, संच एकदम गप्प होतो. म्हणून आवाज बंद पडला की संच बिघडला असे समजून हातोडी घेऊ नका.

गप्प झाला तर आधी मोबाइलचे चार्जर उपसून पाहा. स्वस्त चार्जर आणि हलके एल.ई.डी. दिवे मध्यम लहरींत फार गोंधळ घालतात. बाजारातून आणलेला पन्नास रुपयांचा चार्जर पाच हजारांचा रेडिओ मुका करू शकतो. मोठ्या विजेच्या तारांखाली, बोगद्यात, पुलाखाली आवाज जाईल. पुढे गेल्यावर येईल. घाटात एफ.एम. डोंगराआड गेले की तुटते. मध्यम लहर मात्र जमिनीला धरून पुष्कळ लांब जाते, हा तिचा जुना गुण आहे. जुन्या प्रसारणात इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी येत असेल तर जमिनीची जोडणी सैल आहे का ते तपासा.

केंद्र पहिल्यांदा शोधाल तेव्हा दिवसाउजेडी, मोकळ्या रानात गाडी उभी करून शोधा. रात्री मध्यम लहरींवर लांबची केंद्रे येऊन मिसळतात. केंद्र लावल्यावर थोडे थांबा. डिजिटल संचाला आवाज जुळवायला काही क्षण लागतात. त्याच कारणाने आकाशवाणीचे वेळेचे टोलेही त्यावर काही सेकंद उशिरा पडतात, तेव्हा त्यावर घड्याळ लावू नका. आणि गाडी चालवताना पडद्यावरची अक्षरे वाचत बसू नका. केंद्र लावणे, बदलणे हे शेजारी बसलेल्याचे काम.

कुणी म्हणेल, मोबाइल असताना हा खटाटोप कशाला? बरोबर आहे, रोजच्या गाण्यांना मोबाइल पुरे. पण वादळात मनोऱ्याची वीज गेली, घाटात रेंज गेली की मोबाइल गप्प होतो. रेडिओला ना रेंज लागते, ना पैसे भरावे लागतात. एक प्रक्षेपक उभा असला की शेकडो गावांना एकाच वेळी सांगावा जातो. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला, तेव्हा सुमारे दीडशे गावांतली माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करत. त्या रेडिओचे मोल त्याच्या पेटीत नव्हते, त्यावरून काय ऐकले आणि ऐकून काय केले यात होते. गाडीतल्या रेडिओचेही तेच. माल बाजाराकडे निघाला असताना पावसाचा अंदाज वेळेवर कानी पडला आणि ताडपत्री आधी बांधली गेली, तर रेडिओची किंमत त्या एका खेपेत वसूल.

म्हणून घरातला जुना ट्रान्झिस्टर मोडीत काढू नका. नवा संच घेण्याआधी आपल्या गाडीत काय आहे ते पाहा, एरियलची बूड खरवडा आणि नानांचा तो प्रश्न दुकानदाराला विचारा. उत्तर नीट मिळाले नाही तर पैसे कनवटीलाच राहू द्या. पेरणीआधी आपण वापसा पाहतोच ना, तसेच हे.

ज्यांच्या नव्या गाड्या आहेत त्यांनी आज संध्याकाळी गाडी उभी असताना ती यादी एकदा उघडून पाहावी. काय सापडले ते आम्हाला जरूर कळवावे.