हात पुढे करा!

दिवाळी अंकासाठी नखांवर लिहायला बसले, तेव्हा घरातली मंडळी पोट धरून हसली. "अगं, फराळावर लिही, किल्ल्यावर लिही, नाहीतर ती दोन वर्षे अडलेली कादंबरी तरी पुरी कर! नखांत लिहिण्यासारखे काय असते?" मी म्हटले, "नखांत काही नसते, हे मलाही ठाऊक आहे. पण नखांवरून काय काय ठरवले जाते, ते मला लिहायचे आहे." तेव्हा वाचकहो, चकलीचा डबा जवळच राहू द्या, पण घटकाभर माझे गाऱ्हाणे ऐका.

मी शिरोली एमआयडीसीच्या बाजूला एका लहानशा शाळेत बाई आहे. शिक्षण मॅट्रिक. मराठी शिकवते, हस्तकला शिकवते, आणि रात्री दिवा जाळून कादंबऱ्या लिहिते. आमच्या शाळेतली निम्मी मुले फौंड्रीवाल्यांची. कोणाचा बाप साचे भरतो, कोणाचा भट्टीवर असतो, कोणाची आई कोअर शॉपमध्ये जाते. पुणे-बंगळूर हमरस्त्याने जाताना ज्यांच्या धुराड्यांकडे पाहून तुम्ही गाडीची काच वर करता, त्या कारखान्यांच्या सावलीत आमची शाळा भरते.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक पाहुणे व्यक्तिमत्त्वविकासावर बोलायला आले. कडक इस्त्रीचा सदरा, मधाळ वाणी. ते म्हणाले, "मुलांनो, माणूस ओळखायचा तर त्याची नखे पाहा. निगा राखलेली, चमकदार नखे म्हणजे सुसंस्कृत माणूस. मुलाखतीत साहेब आधी तुमचे हात पाहतात." आणि क्षणार्धात माझ्या वर्गातले साठ हात बाकांखाली गेले. कोणी सांगितले नव्हते, खूण केली नव्हती. पोरांच्या स्वतःच्या नखांत फार तर मैदानातली माती होती. पण घरी कोणाची नखे कशी आहेत, हे प्रत्येकाला माहीत होते.

दुसऱ्या दिवशी सातवीतली एक मुलगी टेबलाशी घुटमळली. "बाई, पालकसभेला आईच आली तर चालेल का?"

"का गं? बाबांना सुटी नाही?"

"सुटी हाय. पण त्यांचे हात..." आणि पुढचे ती बोलली नाही.

ज्या सभ्यतेच्या धड्याने लेकीला बापाच्या हातांची लाज वाटू लागते, त्या सभ्यतेला माझे चार शब्द सुनवायचे आहेत. ते सुनवण्यासाठी हा लेख.

आता कोणी म्हणेल, बाई गलिच्छपणाची वकिली करू लागल्या. मुळीच नाही! नखे कापलेली आणि स्वच्छ असावीत, याविषयी माझे कोणाशीही भांडण नाही. चरकसंहितेत पंधरवड्यातून तीन वेळा नखे काढायला सांगितले आहे, आणि आपल्या आज्यांनी न्हाव्याच्या नराणीपासून नेलकटरपर्यंत ती शिस्त घरोघर पाळली. वाढलेल्या नखाखाली जंतांची अंडी बसतात, तीच बोटे तोंडात जातात आणि पोर वाळत जाते. 2015 सालापासून शाळाशाळांतून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात आणि गोळी देतात. त्या गोळीबरोबर मी नेलकटरही फिरवते. आमच्या कोल्हापुरात तर हा नियम तालमीतही आहे. पैलवानाची नखे कापलेली असावी लागतात, नाहीतर कुस्तीत जोडीदाराच्या अंगावर ओरखडे उठतील. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली हातांच्या स्वच्छतेचे नियम छापले. रुग्णांची सेवा करणाऱ्यांनी नखे अर्ध्या सेंटिमीटरहून कमी ठेवावीत आणि कृत्रिम नखे लावू नयेत, असे त्यांत सांगितले आहे.

चरक झाले, तालीम झाली, जागतिक संघटना झाली. यांतल्या एकानेही नखे चमकवायला सांगितलेले नाही! उलट शस्त्रक्रियेच्या आधी नखांचा रंग पुसायला लावतात, कारण डॉक्टरला नखाचा खरा रंग पाहायचा असतो. आणि मॅनिक्युअरच्या नावाखाली नखाच्या मुळाशी असलेली जी पातळ कातडीची कड हौसेने छाटली जाते, ती देवाने नखाच्या दाराला लावलेली खीळ आहे. ती काढली की जंतूंना वाट मोकळी, आणि मग नखुरडे होऊन रात्रभर बोट ठणकते. त्वचेचे डॉक्टर ती कड कापू नका असेच सांगतात. म्हणजे आरोग्याचे काम नेलकटर, साबण आणि पाणी यांनी संपते. त्यापुढे सुरू होते ती हौस.

हौसेलाही माझी ना नाही. सणासुदीला मीही नेलपॉलिश लावते. आपल्याकडे मेंदी आहे, आळता आहे; बाईच्या जातीने दोन घटका आपल्या हातांकडे कौतुकाने पाहिले, तर कोणाचे काय बिघडले? आणि सहज सांगते, 'नखरा' या शब्दाचा 'नखा'शी काडीचाही संबंध नाही; तो शब्द फारसीतून आला. माझी एक जुनी विद्यार्थिनी राजारामपुरीतल्या एका पार्लरमध्ये नखांचे काम करते. दिवसभर मान मोडून ती दुसऱ्यांच्या नखांवर फुले काढते आणि त्यावर घर चालवते. तिची स्वतःची नखे पाहिलीत तर अगदी आखूड! "बाई, लांब नखांनी काम होत न्हाई," ती म्हणाली. काम करणाऱ्या हातांचा कायदा तिने एका वाक्यात सांगितला.

तेव्हा भांडण स्वच्छतेशी नाही आणि हौसेशीही नाही. भांडण आहे ते नखांवरून माणसाचे मोल ठरवण्याशी. आणि त्यासाठी तुम्हाला फौंड्रीत यावे लागेल.

कोल्हापूरच्या ओतकामाची कीर्ती जुनी आहे. ऑइल इंजिनांच्या काळात उद्यमनगरात जो धंदा रुजला, त्याच्या गोष्टी सांगताना म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांचे नाव आजही आदराने घेतात. तोच धंदा पुढे शिरोलीला आणि गोकुळ शिरगावला पसरला. मोटारींचे, ट्रॅक्टरांचे, पंपांचे लोखंडी भाग इथे ओतले जातात. ओतायचे म्हणजे आधी वाळूचा साचा हवा. त्या वाळूत बेंटोनाइटची चिकट माती घालतात, पाणी घालतात आणि दगडी कोळशाची बारीक पूड घालतात. ही पूड कशासाठी? चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस साच्यात पडला, की पूड जळून तिचा वायू होतो, वाळू लोखंडाला चिकटत नाही आणि ओतलेल्या भागाचे अंग गुळगुळीत उतरते.

पाहिलीत का गंमत? लोखंडाचे अंग गुळगुळीत यावे म्हणून जी पूड घालतात, तीच मोल्डरच्या नखांत शिरते. ज्या मोटारीतून उतरून पाहुण्यांनी आमच्या मुलांना चमकदार नखांचा उपदेश केला, तिच्या पोटातले लोखंडही असल्याच कुठल्यातरी साच्यातून निघाले असणार. एकाची नखे काळी झाल्याखेरीज दुसऱ्याची गाडी चालत नाही, हे साधे व्यवहारज्ञान व्यक्तिमत्त्वविकासाच्या कोणत्या धड्यात शिकवतात?

कोणी विचारतील, मग हे लोक हातमोजे का घालत नाहीत? भट्टीवर घालतात, घातलेच पाहिजेत. पण जुना मोल्डर वाळूची मूठ आवळून पाहतो. मुठीत तिचा गोळा झाला, बोटांचे ठसे त्यावर उमटले आणि गोळा स्वच्छ दुभंगला, की पाणी बरोबर पडले हे त्याला कळते. आता मोठ्या कारखान्यांत त्यासाठी यंत्रे आली. पण यंत्राने सांगितल्यावरही मूठ आवळून पाहणारे मेस्त्री मी पाहिले आहेत. ही विद्या उघड्या बोटांची आहे.

हे सारे मला पुस्तकातून कळलेले नाही. माझे वडील मोल्डर होते. मला पाहायला मंडळी यायची होती, त्या सकाळी ते मोरीत बसून कपडे धुण्याची पावडर आणि वाळू घेऊन हात घाशीत होते. घासता घासता बोटांतून रक्त आले, पण नखांच्या कडांतली काळी रेघ हलली नाही. पाहुण्यांपुढे पोह्यांच्या बशा त्यांनी काकांना धरायला लावल्या आणि स्वतः हात मागे बांधून दाराशी उभे राहिले. आपल्याच घरात, आपल्याच लेकीच्या बैठकीत!

आणि एवढे डोळ्यांनी पाहिलेल्या मी काय केले, तेही सांगून टाकते. नाहीतर हा लेख म्हणजे दुसऱ्याला शहाणपण शिकवणे होईल. नोकरीच्या पहिल्याच वर्षी सोमवारची नखतपासणी माझ्याकडे होती. "हात पुढे करा!" असे मी खणखणीत आवाजात म्हणत असे. एका पोराची नखे कापलेली होती, पण कडा काळ्याभोर. मी त्याच्या बोटांवर पट्टी मारली. तो रडला नाही. "बाई, लई घासलं. न्हाई निघत," एवढेच म्हणाला. सुटीत तो बापाबरोबर भंगाराचे लोखंड वेचायला जात होता, हे मला पुढे कळले. मोल्डरच्या लेकीने मोल्डरच्या वस्तीतल्या पोराला काळ्या नखांसाठी मारले! ती पट्टी मी त्याच वर्षी मोडली. पण वाजली ती वाजलीच.

शिक्षकाच्या अशा एका शब्दाने काय होते, याचे साक्षात उदाहरण आपल्या पुण्यातच घडले. श्रीधर चिल्लाल यांचे नाव तुम्ही वाचले असेल. शाळकरी वयात खेळता खेळता त्यांच्या धक्क्याने एका शिक्षकांचे लांब वाढवलेले नख मोडले. शिक्षक संतापले, असे नख जपायला किती निष्ठा लागते हे तुला कधी कळायचे नाही, असे काहीसे बोलले. चौदा वर्षांच्या पोराने ते मनाला लावून घेतले आणि 1952 पासून डाव्या हाताची नखे कापणे सोडले. ती त्यांनी कापली 2018 साली, न्यूयॉर्कला जाऊन, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी! पाच नखांची मिळून लांबी नऊ मीटरांहून अधिक. गिनीज बुकात नाव आले, पण डावा हात कायमचा निकामी झाला. त्यांच्या जिद्दीपुढे मी हात जोडते. पण एका शिक्षकाने नखाला माणसाहून मोठे केले आणि एका मुलाचा हात सहासष्ट वर्षे त्याची किंमत मोजत राहिला, हेही मला विसरता येत नाही.

"पण बाई, जग असेच आहे," असे आमचे एक सहकारी म्हणतात. "मुलाखतीत नखे पाहतात, तर मुलांना तयार करायला नको का?" जरूर करा. नखे काप, हात धू, नीट कपडे घाल, हे मीही शिकवते. पण जगातला अन्याय सुविचार म्हणून फळ्यावर लिहिणे हे शिक्षकाचे काम नव्हे. समोर बसलेल्याची नखे काळी का, हे न विचारता जो त्याची किंमत करतो, त्याची पारख कच्ची आहे, हेही त्या पोरांना सांगितले पाहिजे. ते कोणी सांगायचे?

आणि स्वच्छतेची एवढी कळकळ असेल, तर ती योग्य दारात न्या. कारखान्यात कामगारांना हातपाय धुण्याची पुरेशी सोय असावी, हे 1948 च्या कारखाने कायद्यापासून लिहून ठेवलेले आहे. तरी कितीतरी लहान शेडमध्ये आजही एका नळाखाली सगळी पाळी हात धुते, आणि साबण संपला की थिनर नाहीतर रॉकेलवर भागते. त्याने कातडी भेगाळते आणि त्या भेगांत उद्याची पूड आणखी खोल जाऊन बसते. मालकांनी चांगला साबण, नखांचा ब्रश आणि भरपूर पाणी द्यावे. व्यक्तिमत्त्वविकासाच्या दहा व्याख्यानांनी होणार नाही ते काम त्याने होईल.

नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढते. बोटाचे सारे नख नवे व्हायला सहा महिने लागतात. वडील निवृत्त झाले आणि बरोबर तेवढ्या काळाने, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला उटणे लावताना आईला दिसले, की त्यांची नखे पांढरी झाली आहेत. ती त्यांचा हात हातात घेऊन पाहत राहिली. म्हणाली, "दुसऱ्याच कुणाचा हात वाटतोय." वडील हसले. त्या वर्षी पाहुण्यांना फराळाची ताटे त्यांनी स्वतः नेऊन दिली. वाचकहो, मला ते दृश्य गोड वाटत नाही. आपल्याच घरी ताट पुढे करायला ह्या माणसाला निवृत्त व्हावे लागले!

त्या मुलीच्या वडिलांना मी स्वतः जाऊन पालकसभेचे आमंत्रण दिले. ते आले. शेवटच्या बाकावर बसले, हात खिशात घालून. मी त्यांना मुलीची वही दाखवायला पुढे बोलावले, तेव्हा ती घ्यायला हात बाहेर काढावाच लागला. वहीवर अंगठ्याचा एक काळा डाग उमटला. मुलीने ते पान अजून फाडलेले नाही. मी दर आठवड्याला पाहते.

आता सुटी संपली की पोरे शाळेत येतील. किल्ले बांधून बांधून त्यांच्या नखांत माती असणार. सोमवारी मी "हात पुढे करा" म्हणेनच. लांब नखे दिसली तर कापीन, माती दिसली तर दाराशी ठेवलेल्या बादलीकडे पाठवीन. आणि धुऊनही जे काळे उरेल, ते कशाचे आहे एवढेच विचारीन. हे ज्यांना पसंत नसेल, त्यांनी शिरोलीला जरूर यावे. चहा देईन, फराळ देईन. पण आधी माझ्या वर्गाच्या दारात त्यांनाही हात पुढे करावे लागतील.